खेळात बोललेले खोटे



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची सायंउपासना संपली, मंडळी बाहेर पडली, दिवे मालविले गेले, तरी आमच्या तरुण संघातील एक मुलगा मागच्या बाकावर बसून होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्गही तोच घेतो. मी जवळ गेलो तेव्हा त्याने विचारले, "काका, खेळात खोटे बोललो तर ते पाप होते का?"

मी घाईत होतो. म्हणालो, "खोटे ते खोटेच. आणि असला खेळ हवा कशाला? सोडून दे." एवढे बोलून मी कुलूप लावायला निघालो. तो गप्प राहिला. घरी परतताना मात्र माझ्या ध्यानात आले की मी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नव्हते, केवळ त्याचे तोंड बंद केले होते. पुढच्या रविवारी मीच त्याला घरी चहाला बोलाविले आणि सर्व हकीकत सावकाश ऐकून घेतली. त्यानंतर दोन आठवडे मी त्या प्रश्नावर विचार करीत होतो. तो विचार येथे मांडीत आहे, कारण हाच प्रश्न आज ना उद्या पुष्कळ पालकांपुढे व संडे स्कूल शिक्षकांपुढे येणार आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. न पाहिलेल्या गोष्टीवर निवाडा देणे बरे नव्हे.

या खेळाचे नाव 'ईव्ह ऑनलाइन'. आइसलँड या उत्तरेकडील लहानशा देशाच्या राजधानीत, रेक्याविक येथे, 'सीसीपी' नावाची कंपनी आहे. तिने मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. त्यातील काल्पनिक विश्वाला 'न्यू ईडन', म्हणजे नवे एदेन, असे नाव आहे. इंग्रजीत ईव्ह म्हणजे हव्वा. ही नावे ऐकताच आपल्याला उत्पत्तीचे पुस्तक आठवते, आणि पुढे दिसेल की ती आठवण अगदीच अस्थानी नाही.

या विश्वात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत. चीनसाठी वेगळी सोय आहे. बाकी जगातील सर्व खेळाडू एकाच विश्वात वावरतात. म्हणजे आपल्या गल्लीतील मुलगा संगणकापुढे बसतो तेव्हा त्याच्यासमोर येणारे जहाज बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी देशातील खऱ्या माणसाचे असते.

नवशिक्याचा आरंभ साधा असतो. अमार, कालदारी, गॅलेंते व मिनमतार या चार साम्राज्यांपैकी एक निवडायचे. एक लहानसे अंतराळयान मिळते. पूर्वी दरमहा वर्गणी भरावी लागे. नोव्हेंबर २०१६ पासून मर्यादित स्वरूपात विनामूल्यही खेळता येते. मग उल्कांतून खनिज काढावे, ते बाजारात विकावे, दिलेली कामगिरी पार पाडावी, लुटारूंशी लढावे, आणि हळूहळू मोठे यान घ्यावे. यान चालविण्याची कौशल्ये शिकायला प्रत्यक्ष घड्याळाचा वेळ लागतो. काही थोड्या मिनिटांत येतात, काहींना कित्येक आठवडे लागतात. खेळाडू झोपलेला असला तरी शिक्षण चालूच राहते. बी पेरून झोपी जाणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला आपण मुलांना शिकवितो, तोच मला येथे आठवला.

सूर्यमालांचे सुरक्षिततेनुसार वर्ग पाडले आहेत. सुरक्षित भागात 'कॉनकॉर्ड' नावाचे पोलीस असतात. पण ते हल्ला थांबवीत नाहीत; हल्ला झाल्यावर हल्लेखोराचे यान नष्ट करतात. असुरक्षित भागात पोलीस मुळीच नाहीत. तेथे 'कॉर्पोरेशन' म्हणून ओळखले जाणारे खेळाडूंचे गट, आणि त्या गटांच्या मोठमोठ्या युती, आपापली राज्ये चालवितात. यान नष्ट झाले की ते परत मिळत नाही. विम्याचे काही पैसे मिळतात एवढेच. म्हणून जुनी मंडळी नवशिक्याला पहिला धडा देतात तो असा: जे गमावणे परवडणार नाही ते घेऊन उडू नकोस. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाविषयी प्रभूने जे सांगितले (लूक १४), त्याच्याशी हा धडा सहज जुळतो.

ही गमावण्याची भीती लुटुपुटीची नाही. २७ जानेवारी २०१४ रोजी एका गटाच्या ताब्यातील सूर्यमालेचे देणे वेळेवर भरले गेले नाही, आणि त्यातून पेटलेली लढाई सुमारे २१ तास चालली. 'टायटन' नावाची सर्वांत मोठी ७५ याने त्यात नष्ट झाली. एकेक टायटन बांधायला अनेकांचे महिनोन् महिने खर्ची पडलेले असतात. खेळातील नाण्याची किंमत खऱ्या पैशांत काढली तर नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात जाते, असा अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाला होता.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हा सगळा वेळेचा अपव्यय आहे. अपव्यय होऊ शकतो, हे मलाही मान्य आहे. रात्री दोन वाजेपर्यंत खेळून सकाळी उपासनेला पेंगणाऱ्या मुलाला मी तसे सांगेनच. पण खेळ हा मुळातच पापमय आहे असे शास्त्र म्हणत नाही. जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या पुन्हा वसण्याचे चित्र रंगविले, त्यात रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली आहेत. शिवाय याच खेळातील हजारो खेळाडूंनी २०१६ पासून शास्त्रज्ञांना पेशींतील प्रथिनांच्या चित्रांचे वर्गीकरण करून दिले, आणि २०२० मध्ये कोविडच्या संशोधनासाठीही अशीच मदत केली. तेव्हा खेळ खेळावा की नाही, हा आजचा प्रश्न नाही. आजचा प्रश्न फसवणुकीचा आहे.

या खेळात फसवणूक नियमबाह्य नाही. बाजारात खोटी जाहिरात देऊन लुबाडणे, मित्र म्हणून शिरून खजिना रिकामा करणे, ऐन लढाईत पक्ष बदलणे, हे सर्व चालते. २००५ साली 'गाइडिंग हँड सोशल क्लब' नावाच्या गटाने एका कॉर्पोरेशनमध्ये आपली माणसे पेरली. सुमारे एक वर्ष त्यांनी तेथे इमानाने काम केले, वरची पदे मिळविली. मग एके दिवशी एकाच वेळी सर्व कोठारे लुटली आणि त्या कॉर्पोरेशनच्या प्रमुख स्त्रीचे दुर्मिळ यान तिच्याच विश्वासू सोबत्यांनी नष्ट केले. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' या त्या काळच्या अत्यंत बलाढ्य युतीतील एक अधिकारी शत्रूला जाऊन मिळाला आणि त्याने आपल्या अधिकाराचा वापर करून ती युतीच विसर्जित करून टाकली. शस्त्रांनी जे साधले नव्हते ते एका माणसाच्या फितुरीने साधले. दोन्ही वेळा नियम मोडला गेला नव्हता.

आता त्या मुलाची हकीकत ऐका.

तो नवा होता तेव्हा नवशिक्यांना शिकविणाऱ्या एका लहान गटात गेला. तेथे परदेशातील एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी याला यान कसे सजवावे, धोका कसा ओळखावा, बाजार कसा वाचावा, हे सर्व शिकविले. पहिले यान बुडाले तेव्हा स्वतःच्या पदरचे दुसरे दिले. रात्री खनिज काढता काढता गप्पा होत. त्यांची पत्नी आजारी होती. ते कधी कधी तिच्याविषयी बोलत. यानेही आपल्या परीक्षेचे, घरचे सांगितले. पुढे कॉलेजातील मित्रांबरोबर हा एका मोठ्या गटात गेला. आणि आता त्या मोठ्या गटाच्या प्रमुखाने याला एक कामगिरी दिली होती: तुला ते लोक ओळखतात, तुझ्यावर विश्वास ठेवतात. परत जा. मोठ्या गटात मन रमले नाही असे सांग. तीन महिने राहा, कोठाराच्या चाव्या मिळव, आणि आम्ही सांगू तेव्हा दार उघड. बक्षीस म्हणून मोठे यान मिळायचे होते.

"काका, सगळे नियमात बसते," तो म्हणाला. "त्यांनाही माहीत आहे की या खेळात हेर असतात. मग मनाला टोचते का?"

त्याचा युक्तिवाद आपण पूर्ण ताकदीनिशी समजून घेतला पाहिजे. तो मुलगा उथळ नाही. तो म्हणतो, बुद्धिबळात मी घोडा मुद्दाम उघडा टाकतो आणि समोरच्याला फसवितो. खो-खोत पळणारा डावीकडे हूल देतो आणि उजवीकडे निसटतो. पत्त्यांत हातात काही नसताना चेहरा हसरा ठेवतो. ही फसवणूकच आहे; पण तिला कोणी पाप म्हणत नाही, कारण खेळायला बसलेल्या प्रत्येकाने ती आधीच मान्य केलेली असते. मग या खेळातही जर प्रत्येकाने आधीच मान्य केले असेल की येथे मित्रसुद्धा हेर असू शकतो, तर हेरगिरी आणि हूल यांत फरक तो काय राहिला?

हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. मी तो झटकला होता, आणि तेथेच माझे चुकले होते.

ऑगस्टीनने इ. स. ३९५ च्या सुमारास खोटेपणावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो या बाबतीत फार कडक होता. कोणाचा जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये, इतका कडक. पण त्यानेही आरंभीच थट्टाविनोद वेगळा काढून ठेवला. विनोद करणाऱ्याच्या स्वरावरून आणि वृत्तीवरून ऐकणाऱ्याला कळते की हे खरे म्हणून सांगितलेले नाही. आपल्या नाताळच्या नाटकात एखादा सालस मुलगा हेरोद होतो, आणि मागी लोकांना गोड आवाजात सांगतो की मलाही बाळाला नमन करायचे आहे. त्या मुलाने खोटे सांगितले असे आपण म्हणत नाही. पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की हे नाटक आहे.

म्हणजे कसोटी सापडली: ज्याच्यापुढे हे चालले आहे, त्याला हे नाटक आहे, डाव आहे, हे ठाऊक आहे का? हूल देणारा खेळाडू समोरच्याला खोटी दिशा दाखवितो. पण 'मी तुझा प्रतिपक्षी आहे' हे सत्य त्याच्यापासून लपवीत नाही. समोरचा सावध उभा असतो, आणि त्याला सावध राहण्याचा हक्क असतो. हेर लपवितो ती नेमकी हीच एक गोष्ट.

पवित्र शास्त्रात या फरकाचा एक विलक्षण धडा आहे, आणि तो लागोपाठच्या दोन अध्यायांत आहे. यहोशवाच्या आठव्या अध्यायात आय नगराची लढाई आहे. इस्राएल नगरामागे दबा धरून बसतात आणि पुढची तुकडी हरल्याचे सोंग करून पळते. ही युक्ती देवाच्या आज्ञेने झाली. लगेच नवव्या अध्यायात गिबोनी लोक येतात. फाटक्या पायतणांनी, बुरसलेल्या भाकरींनी ते दूरदेशीचे असल्याचे भासवितात आणि इस्राएलाकडून कराराची शपथ मिळवितात. तीन दिवसांनी सत्य उघडकीस येते. लोक कुरकुर करतात. पण सरदार म्हणतात, शपथ दिली आहे. आता यांना हात लावता येणार नाही. ज्यांनी फसवून शब्द मिळविला त्यांना दिलेला शब्दही पाळला गेला. पुढे कित्येक पिढ्यांनंतर शौलाने तो मोडला, तेव्हा दावीदाच्या दिवसांत तीन वर्षे दुष्काळ पडला (२ शमुवेल २१).

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दबा धरून लढणे न्याय्य आहे का हा प्रश्न घेतला, तेव्हा त्यानेही हीच रेषा ओढली. आपला बेत शत्रूपासून झाकून ठेवणे वेगळे. आणि शत्रूला खोटे सांगणे किंवा दिलेले वचन मोडणे वेगळे. पहिले युद्धात चालते. दुसरे शत्रूशीसुद्धा चालत नाही, कारण लढणाऱ्यांमध्येही काही करार असतात आणि ते पाळलेच पाहिजेत.

कोणी राहाबेचे नाव घेईल. तिने हेरांना लपवून राजाच्या माणसांना खोटे सांगितले. परंतु तेथे माणसांचे प्राण पणाला लागले होते. त्याविषयी थोरामोठ्यांत मतभेद आहेत आणि राहतील. येथे कोणाचा प्राण जात नाही. जे मिळायचे ते एक यान, आणि तेही पडद्यावरचे. राहाबेची ढाल आपल्याला येथे हाती घेता येत नाही.

पण त्या मुलाचा मुख्य मुद्दा अजून उभाच आहे. त्या वृद्ध गृहस्थांनी खेळात येतानाच हेरगिरीचा धोका पत्करला होता ना? होय, पत्करला होता. म्हणून मी त्या मुलाला सांगितले की कोठार लुटले गेले तर त्याला मी चोरी म्हणणार नाही. यान, खनिज, नाणे, हे सर्व खेळाचे आहे. ते खेळाच्या नियमाने येते आणि खेळाच्या नियमाने जाते. त्यांनी जे पणाला लावले ते एवढेच.

आता पाहा, कोठाराची चावी मिळविण्यासाठी त्याला काय वापरावे लागणार होते? यान नव्हे. तोफा नव्हेत. त्याला परत जाऊन त्या गृहस्थांशी रात्री बोलावे लागणार होते. "काकूंची तब्येत कशी आहे?" असे विचारावे लागणार होते. हा प्रश्न खेळातला नाही. ती बाई खेळातली नाही, तिचा आजार खेळातला नाही. तो प्रश्न एक तर मनापासून विचारलेला असेल, नाहीतर विश्वास मिळविण्याचे साधन म्हणून विचारलेला असेल. खेळाचा कोणताही नियम त्या प्रश्नाला लुटुपुटीचा करू शकत नाही. त्या गृहस्थांनी आपली याने पणाला लावण्यास संमती दिली होती. आपले दुःख पणाला लावण्यास त्यांनी कधी संमती दिली? तीन महिने त्यांनी दिलेली माया, त्यांचा वेळ, त्यांची काळजी, ही खरी असणार होती. खोटे नाणे देऊन खरा माल घेणे, याला आपण बाजारात काय म्हणतो?

यानामागचा माणूस खरा असतो, हे त्या खेळातील लोकही जाणतात. २०१२ साली लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकेच्या वकिलातीवर हल्ला होऊन राजदूतासह चार जण मारले गेले. त्यांपैकी शॉन स्मिथ हे या खेळात 'व्हाइल रॅट' या नावाने एका मोठ्या युतीचे दूत म्हणून प्रसिद्ध होते. ती बातमी आल्यावर खेळाडूंनी ठिकठिकाणच्या अंतराळस्थानकांना त्यांच्या स्मरणार्थ नवी नावे दिली. त्यात कालपर्यंत त्यांच्याशी लढणारेही होते. तोफा खेळातल्या होत्या. शोक खरा होता. ज्या कंपनीने फसवणुकीला मोकळीक दिली आहे, तिलाही खेळाबाहेर प्रत्यक्ष माणसाला दिलेली धमकी चालत नाही. म्हणजे पात्र आणि माणूस यांच्यामध्ये रेषा आहे हे तिलाही मान्य आहे. ती रेषा नियमावलीने एका ठिकाणी ओढली आहे. ख्रिस्ताच्या शिष्याला ती स्वतःच्या अंतःकरणात आणखी नीट ओढावी लागते.

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवून नंतर थट्टेचा आडोसा घेणाऱ्या माणसाला आगीशी खेळणाऱ्या वेड्याच्या पंक्तीला बसविले आहे. ज्ञानी लेखकाला ठाऊक होते की 'मी गंमत केली' हे शब्द फसविणाऱ्याच्या तोंडी नेहमी नंतर येतात. खरी गंमत दोघांची असते. संध्याकाळी बुद्धिबळाचा पट उचलल्यावर हरलेलाही हसतो आणि म्हणतो, घोड्याची चाल काय केलीस! तीन महिन्यांच्या खोट्या मैत्रीनंतर ते दोघे असे बसून हसू शकले असते का? एकोणचाळिसाव्या दिवशी सत्य कळले असते तर त्या गृहस्थांना वाईट कशाचे वाटले असते, यानांचे की गप्पांचे? पंचावन्नाव्या स्तोत्राचा कवी सांगतो की शत्रूचा घाव सोसला असता. ज्याच्याबरोबर गोड बोलत चाललो त्याचा घाव सोसवत नाही.

आणि २ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायात गिबोनच्या तळ्याकाठची हकीकत आहे. अबनेर आणि यवाब समोरासमोर बसले. अबनेर म्हणाला की तरुणांना उठू द्या, आमच्यासमोर खेळू द्या. इकडून बारा, तिकडून बारा उठले. चोवीसच्या चोवीस एकदम पडले, आणि त्या दिवशी घोर युद्ध झाले. थोरले बसून राहिले आणि खेळ म्हणून धाकट्यांना पुढे केले. तो उतारा वाचताना मला त्या प्रमुखाची आठवण झाली, ज्याने स्वतः न जाता या मुलाला पाठविले. खेळ हा शब्द उच्चारल्याने गोष्ट खेळ होत नाही.

फसविणाऱ्याचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात बाळपणाविषयी लिहितो की खेळात जिंकण्याच्या हव्यासाने तो लबाडी करीत असे, आणि दुसऱ्याने तीच लबाडी केलेली पकडली तर सर्वांत जास्त चिडत असे. मोठेपणी मुलांचे खेळणे बदलते, दोष तोच राहतो, हे त्याला उमगले. चेंडूंच्या जागी सोने, शिक्षकांच्या जागी अधिकारी येतात, एवढेच. थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, असे प्रभूने सांगितले ते यासाठीच. तीन महिने रोज तासभर एखादे वाद्य वाजविले तर हात त्यात तयार होतो. तीन महिने रोज तासभर मायेचा आव आणला तर काय तयार होईल? आणि रविवारी सकाळी तोच मुलगा लहानग्यांना मत्तयाचा पाचवा अध्याय शिकविणार, होय ते होय आणि नाही ते नाही असे असावे म्हणून! म्हणूनच त्याला टोचत होते. ते टोचणे अज्ञानाचे नव्हते. पवित्र आत्मा ज्याला जागे ठेवतो त्याचे ते टोचणे होते.

मी त्याला यहूदा म्हटले नाही, आणि कोणी म्हणू नये. तो प्रलोभनात पडण्याआधी थांबून विचारायला आला होता. पण गेथशेमाने बागेत खूण म्हणून चुंबनच निवडले गेले, ही गोष्ट आम्ही दोघांनी मिळून वाचली. मैत्रीचे चिन्ह हत्यार म्हणून वापरले की त्यानंतर चिन्हच शंकास्पद होऊन बसते. एदेनातही सर्पाने पहिल्यांदा हल्ला केला नाही. तो हितचिंतक म्हणून बोलायला आला.

शेवटी त्याने ठरविले. तो प्रमुखाला म्हणाला, "लढाईला सांगा, टेहळणीला सांगा, उघडपणे शत्रू म्हणून जायला सांगा, जाईन. पण त्यांच्याकडे मित्र म्हणून जाणार नाही." प्रमुख हसला. मोठे यान दुसऱ्या कोणाला मिळाले.

मग आठ दिवसांनी तो पुन्हा आला. "काका, आता दुसऱ्याला पाठवतील. मी त्या अंकलना सावध करू का?"

हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा कठीण वाटला. मन म्हणत होते, कर सावध. पण प्रमुखाने त्याला आपला बेत विश्वासाने सांगितला होता, आणि तो अजून त्याच गटात होता. एका बाजूचा विश्वास राखण्यासाठी दुसऱ्या बाजूचा मोडावा काय? मी म्हणालो, "जे जायचे आहे ते यानांचे धन आहे. तो धोका त्यांनी पत्करला आहे. तुला विश्वासाने सांगितलेले तू उघड करू नकोस. पण त्यांनी तुला सरळ विचारले, तर खोटे 'नाही' म्हणू नकोस. सांगता येत नाही असे सांग. आणि गुपित राखणे जड होत असेल, तर आधी तो गट उघडपणे सोड." मी बरोबर सांगितले असे मला आजही वाटते, तरी हे लिहिताना हात थोडा थांबतो. ज्या वाचकांना वेगळे वाटत असेल त्यांनी आपल्या वर्गात ही चर्चा जरूर करावी.

तो गट त्याने अजून सोडलेला नाही. त्या गृहस्थांशी मात्र तो अधूनमधून बोलतो. आता दोन बाजूंचे म्हणून बोलतात, आणि तब्येतीची चौकशी खरीखुरी असते.

संडे स्कूल शिक्षकांना एक विनंती करून संपवितो. मुले खेळाविषयी सांगू लागली की खेळाचे नाव ऐकूनच हात झटकू नका. विचारा: कोणाबरोबर खेळतोस? त्यांना तू कोण म्हणून माहीत आहेस? तू जे करणार आहेस ते उद्या त्यांना कळले, तर दोघे मिळून हसाल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाला स्वतःला देता आली, तर पुढचे त्याला फारसे सांगावे लागत नाही. आणि आपणही ते प्रश्न स्वतःला विचारावे, कारण मंडळीच्या निवडणुकीत, दुकानात, सोयरिकीच्या बोलणीत 'हा तर व्यवहाराचा भाग आहे' असे म्हणून आपण जे बोलतो, ते पोरांनी खेळातून शिकलेले नसते.

सर्व ठिकाणी, पडद्यापुढे आणि पडद्यामागेही, आपले होय होय असावे म्हणून प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.